टोपी राहिली बफरमध्ये

पहिला दिवस, शनिवार

मे महिन्यात विदर्भात कोण जातं, हे आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं होतं. उत्तर एकच होतं, वाघ. उन्हाळ्यात ओढे आटतात, साग निष्पर्ण होतो, आणि उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर जनावरांना यावंच लागतं. पंचेचाळीस अंशांत भाजून घ्यायची तयारी असेल तर दर्शनाची आशा इतर महिन्यांपेक्षा जास्त. आम्ही चौघं होतो. मी, बायको विद्या, तिचा धाकटा भाऊ सतीश आणि सतीशचा मुलगा ओंकार. ओंकार एकवीस वर्षांचा. निघायच्या आधी त्याने खास या सहलीसाठी एक टोपी घेतली होती, हिरवट, मागे जाळी असलेली, वर वाघाच्या पंजाचं भरतकाम. ही टोपी लक्षात ठेवा.

नागपूरला सकाळी उतरलो, तर्रीपोहे खाल्ले, विद्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ठरवलेल्या गाडीने उमरेडचा रस्ता धरला. प्रवासाचं वर्णन एवढंच. बाकी होतं ते ऊन.

ताडोबाच्या वाटेवर असल्यामुळे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक दुपारची सफारी घेतली होती. १८९ चौरस किलोमीटरचं हे छोटं जंगल. 'जय' नावाचा वाघ नागझिऱ्याहून चालत इथे आला आणि देशभर गाजला, मग २०१६ मध्ये एकाएकी दिसेनासा झाला, ही गोष्ट मला माहीत होती. ओंकारला दुसरी गोष्ट माहीत होती, कारण तिची चित्रफीत त्याने पाहिली होती. ३१ डिसेंबर २०२४. गोठणगावच्या बाजूला 'एफ-२' वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि वर्षअखेरीच्या गर्दीतल्या जिप्सींनी पुढून-मागून तिची वाट अडवली. मध्ये ती सहा जनावरं, दोन्हीकडे गाड्या, आणि गाड्यांमध्ये उभी राहिलेली माणसं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले, दंड झाला.

आमचा इथला गाईड पंचविशीतला, बोलायला कमी. ओंकारने त्याला थेट विचारलं, "त्या दिवशी तुम्ही होता का?" तो म्हणाला, "नाही जी." आणि पुढे दहा मिनिटं काहीच बोलला नाही. मग एका वळणावर त्याने गाडी थांबवायला लावली आणि रस्त्यापासून आत, मोहाच्या एका झाडाकडे बोट दाखवलं.

"इथून ते झाड, वीस मीटर. जनावर त्याच्या अलीकडं असंल तर आपण पुढं नाही जायचं."

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं मी निघण्यापूर्वी वाचली होती (निवृत्तीनंतर माणूस काहीही वाचतो). वन्यप्राण्यापासून वीस मीटरहून जास्त अंतर, दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर, वाघ दिसला तर एका गाडीने पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. कागदावर वीस मीटर फार वाटतात. त्या मोहाकडे पाहिल्यावर कळलं की आमच्या सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंतसुद्धा याहून जास्त असेल.

"पण व्हिडिओत तर वाघ टायरला घासून जातो," ओंकार म्हणाला.

"तो येतो ते वेगळं. आपण जायचं नाही."

त्या दुपारी चितळं दिसली, मोर दिसले, एक नीलगाय दिसली. वाघ नाही. ओंकारचा चेहरा पाहून सतीशने त्याला चिमूरला थंडगार उसाचा रस पाजला.

दुसरा दिवस, रविवार

पहाटे साडेचारला उठून कोलारा गेट. अंधारात जिप्सींची रांग, गेटवर ओळखपत्रांची तपासणी, चहाच्या टपरीवर तोच एक प्रश्न सगळ्या भाषांत: "काल सायटिंग झालं का?" म्हणजे वाघ दिसला का. इथे लोक एकमेकांना नाव, गाव विचारत नाहीत. सायटिंग विचारतात. ज्याला झालंय तो लग्नघरातल्या वरबापासारखा हिंडत असतो.

मोबाइल गेटवरच पिशवीत बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाइल वापरायला मनाई केली, तेव्हापासून या विषयावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. ओंकारने माझा छोटा कॅमेरा मागून घेतला. त्याच्याशिवाय त्याचे हात रिकामे राहिले असते, आणि रिकाम्या हातांची या पिढीला भीती वाटते.

आजचे गाईड साठीला टेकलेले. सगळेजण त्यांना काका म्हणत होते, मीही म्हणू लागलो. जंगल त्यांच्या बोलण्यातून दिसायला लागलं. ऐन, धावडा, बिजा, तेंदू. अंगावरची साल गेल्यासारखं पांढरंफटक उभं असलेलं कुलूचं झाड. बांबूच्या बेटातून जाताना येणारी थंड झुळूक, पुढच्या वळणावर परत भट्टी. ताडोबा हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ ला. गाभा आणि बफर मिळून सतराशे चौरस किलोमीटरच्या वर. तळ्याच्या काठाने जाताना काकांनी गाडी सावलीत घ्यायला सांगितली आणि 'ताडोबा' हे नाव कुठून आलं ते सांगितलं. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. या तळ्याकाठी वाघाशी झुंजताना मेला. लोकांनी त्याचा देव केला. मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते.

"म्हणजे वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाचं जंगल?" विद्या म्हणाली.

"हो ना," काका म्हणाले, "आणि लोक वाघाचं नाव विचारत येतात."

मग त्यांनी मायाबद्दल सांगितलं. आम्ही विचारलं नव्हतं, पण जाताना एका रस्त्याकडे पाहून त्यांना आठवलं असावं. माया म्हणजे टी-१२. देशात सर्वांत जास्त फोटो निघालेल्या वाघिणींपैकी एक. पिल्लं घेऊन गाड्यांच्या मधून चालायची, जिप्सीच्या सावलीत बसायची. पर्यटकांना वाटायचं, माणसाळलेली आहे. २० नोव्हेंबर २०२१ ला सकाळी एक तरुण वनरक्षक बाई तीन मजुरांना घेऊन व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघाली होती. कोलारा वनपरिक्षेत्रातलीच गोष्ट. दोनशे मीटरवर माया रस्त्यात बसलेली दिसली. त्यांनी घाई केली नाही. अर्धा तास थांबले, मग दाट झाडीतून वळसा घालून जायला निघाले. वाघीण मागून आली आणि तिने त्या बाईला उचलून नेलं.

"तीच माया," काका म्हणाले. "संध्याकाळी जिप्सीजवळून गेली असती तर कोणाच्या अंगावर धावली नसती."

हे मला फार वेळ कळलं नाही. कळलं ते असं. जिप्सी म्हणजे वाघाच्या लेखी एक मोठं, वास मारणारं, गुरगुरणारं पण निरुपद्रवी जनावर. त्याच्या पाठीवर सहा-सात डोकी हलतात, ती त्या जनावराचीच. त्यात माणूस वेगळा नाही. पायी चालणारा माणूस मात्र माणूस. वर्षानुवर्षं आमच्यासारखे लोक गाड्यांतून येऊन वाघाच्या जवळ जवळ जात राहिले, आणि वाघ काही करत नाही एवढंच शिकून परत गेले. वाघ काय शिकला, ते पायी जाणाऱ्यांना कळतं. मायासुद्धा ऑगस्ट २०२३ नंतर दिसली नाही. पुढे जंगलात सापडलेले अवशेष तिचेच असल्याचं डीएनए तपासणीत निघालं.

आठच्या सुमाराला चितळाचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्याची हाक, आला. मग वानराचा खकार. काकांनी हात वर केला, चालकाने गाडी बंद केली. आणि त्या शांततेत मला जे पहिलं ऐकू आलं ते होतं दुसऱ्या गाड्यांचं इंजिन. दोन मिनिटांत तिथे आठ जिप्सी, पाच मिनिटांत चौदा. मी मोजल्या. वाघीण रस्त्याच्या डाव्या अंगाला, गवतात, फक्त पाठ दिसत होती. कुणीतरी "बैठी है, बैठी है" म्हणत होतं, कुणी "श्श्श" म्हणत होतं, आणि त्या "श्श्श"चाच आवाज जास्त होता. पुढच्या गाडीत एका गृहस्थांनी मोज्यातून दुसरा मोबाइल काढला. मोज्यातून! गेटवर एक मोबाइल देऊन प्रामाणिकपणाची पावती मिळवली होती.

आता कबूल करायचं ते. आमच्या पुढे दोन गाड्या आडव्या होत्या आणि मला काही दिसत नव्हतं. मी चालकाच्या खांद्याला हात लावला आणि म्हणालो, "दादा, जरा पुढे घ्या ना." तो मागे वळून काकांकडे पाहायला लागला. काका काही बोलले नाहीत. मी परत म्हणालो, "लांबून आलोय हो आम्ही." गाडी पुढे गेली. तीन मीटर गेली असेल, चार. मला वाघिणीचा कान दिसला, त्याच्या मागचा पांढरा ठिपका दिसला, आणि मला कमालीचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

ती उठली. रस्ता ओलांडायच्या विचारात होती हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. दोन पावलं आली, गाड्यांची भिंत पाहिली, उजवीकडे गेली, तिथेही बंपर. परत फिरून गवतात बसली. सगळ्यांचे फोटो झाले. पंधरा मिनिटं कधीच उलटून गेली होती.

परतताना विद्या म्हणाली, "पाणी रस्त्याच्या पलीकडे होतं."

"काय?"

"तो पाणवठा. आपल्या मागे होता. तिला तिकडे जायचं होतं."

मी मागे वळून पाहिलं. खरंच होता. गेटवर उतरल्यावर मी चालकाला पाचशे रुपये जास्तीचे दिले. ते त्याने न बोलता खिशात घातले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसरा दिवस, सोमवार

सकाळी झोपलो. दुपारी बफरमधल्या एका गेटने सफारी होती. कुठल्या ते सांगत नाही, कारण त्यात गेटचा काही दोष नव्हता.

बफर म्हणजे गाभ्याभोवतीचं जंगल, पण त्यात गावं आहेत, शेतं आहेत, गुरं चरतात, आणि वाघही आहेत. काही वेळा गाभ्यापेक्षा बफरमध्ये वाघ लवकर दिसतो, म्हणून इथेही गाड्या असतात. गाईड होत्या मंदाताई. तिशी-पस्तिशीच्या, खाकी शर्ट, केसांत मोगरा. ताडोबाच्या आसपास बऱ्याच बायका आता गाईड झाल्या आहेत. मंदाताईंनी निघतानाच तीन गोष्टी सांगितल्या: उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, आणि काही खाली पडलं तर मला सांगायचं. तिसरी गोष्ट आम्ही नीट ऐकली नाही. काय पडणार आहे?

ऊन कलायच्या सुमाराला एका नाल्याच्या डोहावर पोहोचलो. दगडांमध्ये उरलेलं चिखलट पाणी, आणि त्यात ती. पाण्यात मागून उतरते वाघीण, हे मला ठाऊक नव्हतं. पाठमोरी येते, शेपटी आधी, मग बूड टेकवून बसते, तोंड मात्र कायम किनाऱ्याकडे. आमच्या वाड्यात आजी पाटावर बसायची तशी, सावकाश, सगळ्यांवर नजर ठेवून. उन्हाने जीभ बाहेर, तोंड उघडं, धापा. बरोबर पाच जिप्सी. अंतर चांगलं होतं. सगळं ठीक होतं.

पहिली दहा मिनिटं या सहलीतली सर्वांत चांगली होती. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. एक खंड्या येऊन तिच्या मागच्या दगडावर बसला, तिने कान फिरवला, बस. कोणी बोलत नव्हतं.

मग शेजारच्या गाडीतल्या एका बापाला वाटलं की तिने इकडे पाहावं. मांडीवरच्या मुलाला नीट दिसत नव्हतं म्हणून असेल. त्याने आपण मांजराला बोलावतो तसा ओठांनी आवाज काढला, मग बॉनेटवर बोटं वाजवली. त्यांचा गाईड त्याला खुणावत होता. कुणाच्या तरी पायाशी वेफर्सची पिशवी कुरकुरली. मंदाताई हळूच म्हणाल्या, "पिशवी आत ठेवा म्हणा त्याहीले." दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रामदेगीच्या बाजूला एक वाघ पाण्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून चाललेला कॅमेऱ्यात सापडला होता. त्याची आठवण इथल्या लोकांना अजून झोंबते.

वाघिणीने मान वळवली. पाहिलं. ओंकार बाकावर उभा राहिला होता. सतीश त्याचा शर्ट ओढत होता, मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याकडे पाहत होतो, आणि तेवढ्यात मागची गाडी मागे सरकायला लागली म्हणून आमच्या चालकाने गाडी जराशी हलवली. धक्का बसला. टोपी उडाली आणि गाडीच्या उजव्या बाजूला, पाण्याच्या बाजूला, चाकापासून हातभर अंतरावर पडली.

आणि ओंकारने पाय खाली टाकला.

मी हे पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. तो शूर वगैरे नव्हता. शायनिंग मारत नव्हता. त्याला वाघीण दिसत होतीच. पण लक्ष्मी रस्त्यावर रिक्षातून टोपी पडली तर माणूस जसा उतरून उचलतो, तसा तो निघाला. चौकटीवरून डावा पाय आत, उजवा बाहेर, बुटाची टाच जमिनीला लागलेली. दीड सेकंद. वाघीण तिथून वीस-पंचवीस पावलांवर होती.

तिचं तोंड मिटलं.

एवढंच झालं. धापा थांबल्या, जीभ आत गेली, तोंड बंद. कान मागे चिकटले, डोकं खांद्यांच्या खाली आलं. पाण्यावरची वलयं थांबलेली मला दिसली, कारण तिचं पोटही हलत नव्हतं. इतका वेळ आम्ही तिच्यासाठी एक गाडी होतो. आता त्या गाडीतून काहीतरी वेगळं निघालं होतं.

मंदाताईंनी ओंकारचा पट्टा मागून धरला आणि त्याला असा खेचला की तो सतीशच्या अंगावर पडला. "पाय आत! पाय आत घ्या बाप्पा!" आवाज दबका, पण तसला आवाज मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. वाघीण पाण्यातून उठली. अंगावरून पाणी गळत होतं. दोन पावलं आमच्या दिशेने आली आणि घशातून एक आवाज काढला. गुरगुरणं म्हणतात त्याला, पण ते कानांना ऐकू यायच्या आधी मला बाकाच्या पत्र्यातून आल्यासारखं वाटलं. चालकाने इंजिन चालू केलं. तिने थोडा वेळ गाडीकडे पाहिलं, मग वळली आणि बांबूत गेली. घाईने नाही.

शेजारच्या गाडीतून टाळी वाजली. एक टाळी. कोणाची ते पाहायची मला इच्छा नव्हती.

टोपी तिथेच राहिली. मंदाताई म्हणाल्या, "राहू द्या. आता तिथं कोणी नाही उतरत." त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी ते मांडीखाली घातले, लहान मुलांसारखे. गेटपर्यंत कोणीच बोललं नाही. गेटवर त्यांनी स्वतःच जाऊन झालेला प्रकार सांगितला, नोंद केली, सतीशने दंड भरला. ओंकारच्या अंगावर ओरडायची त्याची तयारी दिसत होती, पण पोराचा चेहरा पाहून त्याने पावतीची घडी घालण्यातच वेळ काढला. विद्या मंदाताईंना म्हणाली, "तुमच्यामुळे वाचला हो."

"तुमच्या पोराचं नव्हतं भेव मले," त्या म्हणाल्या. "गाडी होती ना आपल्यापाशी. ते वाघीण आता माणूस गाडीतून खाली उतरते म्हणून शिकली असंल का, ह्याचं भेव. त्या नाल्याच्या वरच्या अंगानं माझी सासू रोज तेंदूपत्ता तोडाले जाते."

मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या मंगळवार. जंगल बंद. या घरी चहाले, पोरगं लय घाबरलं."

चौथा दिवस, मंगळवार

मंगळवारी ताडोबात सफारी नसते. रिसॉर्टवाल्यांना हा दिवस कसा घालवायचा हे कोडं असतं. ते पाहुण्यांना मातीची भांडी करायला बसवतात. आम्ही मंदाताईंच्या गावी गेलो.

सकाळचे साडेआठ. ओसरीत तेंदूच्या पानांचा ढीग आणि त्याभोवती घरातल्या चार जणी. हा पत्ता तोडायचा हंगाम. पहाटे चारला उठून बायका जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परत येतात, आणि घरी बसून पुडे बांधतात. एका पुड्यात सत्तर पानं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर, नेऊन द्यायचे. याच पानांत तंबाखू वळली की बिडी. उन्हाळ्यातले हे जेमतेम काही दिवस, पण त्यांच्यावर वह्या-पुस्तकं, बियाणं, लग्नाची उधारी असं बरंच उभं असतं.

सासूबाई सत्तरीच्या असतील. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. बोटं थांबत नव्हती. पहाटे त्याच नाल्याच्या वरून जाऊन आल्या होत्या.

मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना," त्या म्हणाल्या, जसं मी उन्हाळ्यात गरम होतं का असं विचारलं होतं. "दहा जणी जातो. बोलत जातो. वाकलं का एकीनं उभं राहाचं."

हे मंदाताईंनी समजावलं. पान तोडणारी बाई वाकते किंवा उकिडवी बसते. मागून पाहिलं तर ती माणसासारखी दिसत नाही, एखाद्या जनावरासारखी दिसते. म्हणून कोणीतरी ताठ उभं पाहिजे. गेल्या वर्षी, १० मे २०२५ ला, याच जिल्ह्यात सिंदेवाहीकडे मेंढा-मालच्या जंगलात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. नाव घेताना ओसरीतल्या चौघींची बोटं जरा मंदावली, मग पुन्हा चालू.

मला आदल्या दिवसाची ती टाळी आठवली. आणि रविवारचे माझे पाचशे रुपये.

ओंकार मघापासून उंबऱ्यावर बसून होता. सासूबाईंनी त्याच्यापुढे पानांची एक चळत सरकवली. "बांध." तो बांधायला लागला. मोजून बांधला, त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो हातात घेऊन नुसता अंगठ्याने दाबला आणि परत त्याच्याकडे टाकला. "चार कमी आहेत." त्याने सोडून मोजला. सहासष्ट. दुसरा पुडा एकाहत्तर झाला. तिसरा बरोबर आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, तो आपल्या ढिगात ठेवला. त्याला जे वाटलं असेल ते त्याच्या इंजिनिअरिंगच्या कुठल्याही निकालात मी पाहिलेलं नव्हतं.

चहा झाला. मग त्यांनी विचारलं, वाघ पाहायला किती पैसे लागले. सतीशने खरा आकडा सांगितला, गाडी, गाईड, प्रवेश, राहणं सगळं धरून. त्यांनी मंदाताईंकडे पाहिलं, मंदाताईंनी पुड्यांच्या हिशेबात सांगितलं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"मले द्याचे ना," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "मी सांगतली असती कशी दिसते."

निघताना ओंकारने हळूच विचारलं, टोपीचं काही कळलं का. मंदाताई म्हणाल्या, सकाळी पाणवठ्यात पाणी सोडायला टँकर गेला होता, चालकाने वरूनच पाहिलं, दिसली नाही. "वांदरानं नेली असंल."

परतीला चिमूर, भिसी, उमरेड असा रस्ता. मोबाइलला रेंज आल्याबरोबर ओंकार पुण्याच्या मित्राशी बोलायला लागला. चिमूरला वाघीण त्याच्यापासून पंचवीस पावलांवर होती. भिसीला दहा फुटांवर आली. उमरेडच्या अलीकडे तिचा श्वास त्याच्या बुटाला लागला, आणि टोपी तिने तोंडात धरून नेली.

"पंचवीस पावलं," मी पुढच्या सीटवरून म्हणालो.

"काका, परवा पुढे घ्या पुढे घ्या कोण म्हणत होतं?"

विद्या खिडकीबाहेर पाहत होती. रस्त्याच्या कडेला एका झाडावर वानरांची टोळी बसलेली दिसली तशी तिने चालकाला गाडी हळू करायला सांगितली आणि डोक्यावर हिरवट काही घातलेलं एखादं आहे का, ते ती निरखून पाहू लागली.